मायनस १२ चा डोळा, काचबिंदू: आधी नळी की आधी ट्रॅब?

रेखांश: धाकट्या भावाचा नंबर मायनस १२. तीन प्रकारचे थेंब घालूनही दाब उतरत नाही, ऑपरेशन ठरलंय. एक डॉक्टर ट्रॅबेक्युलेक्टमी (ट्रॅब) म्हणतात, दुसरे अहमद व्हॉल्व्ह, म्हणजे डोळ्यातलं पाणी मागे बसवलेल्या छोट्या प्लेटकडे नेणारी, झडप असलेली नळी. माझं मत व्हॉल्व्हच्या बाजूने. ट्रॅबमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागात फ्लॅप कापून पाण्याला वाट देतात, वर व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात. एवढ्या नंबरचा डोळा लांब असतो, भिंत पातळ. दाब ४-५ (मिमी पारा) वर घसरला तर पडद्याच्या मधोमध सुरकुत्या पडतात, आणि हा धोका तरुण मायनसवाल्यांनाच जास्त. दाब आटोक्यात, पण वाचता येत नाही, तर काय उपयोग? व्हॉल्व्ह निदान ८ ते १२ च्या आसपास पाणी रोखायला बनवलाय.

काचबिंदूवाला डॉक्टर: साफ असहमत. 'बनवलाय' हा शब्द महत्त्वाचा. नळीच्या बाजूनेही पाणी झिरपतं, व्हॉल्व्ह लावूनही दाब पडलेले डोळे आम्ही बघतो. शिवाय प्लेट ८-१० मिमी मागे नेऊन पातळ भिंतीलाच टाके घालायचे. सुई आरपार गेली तर पडद्याला भोक. ट्रॅबला मी फ्लॅप घट्ट बांधतो आणि नंतर लेसरने एकेक टाका तोडतो. दाब किती उतरवायचा हे बरंचसं माझ्या हातात राहतं. प्लेटभोवती जाड कवच धरलं की दाब परत चढतो, थेंब पुन्हा सुरू.

मधली ओळ: पण नळी आणि ट्रॅबची तुलना करणाऱ्या टीव्हीटी अभ्यासात पाच वर्षांनी नळी २९.८ टक्के फसली, ट्रॅब ४६.९. त्याचं काय?

काचबिंदूवाला डॉक्टर: ते आधी ऑपरेशन झालेले डोळे होते. पहिल्याच ऑपरेशनच्या चाचणीत वर्षभरात नळी १७.३ टक्के फसली, ट्रॅब ७.९.

मधली ओळ: आणि पाच वर्षांनी तो फरक संख्याशास्त्रात टिकला नाही, हेही सांगा की! दोन्ही चाचण्या खास मोठ्या नंबरवाल्यांवर नव्हत्याच.

आडीधारक: सगळ्या नळ्या एका मापाने मोजताय. माझ्या डोळ्यात मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीची आडी (AADI) ही नळी आहे. ३५० चौरस मिमीची प्लेट, परदेशी नळ्यांपेक्षा बरीच स्वस्त, पण व्हॉल्व्ह नाही. नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधतात. पाच-सहा आठवड्यांनी दोरा सुटला की दाब एकदम कोसळू शकतो. मायनसवाल्याने त्या आठवड्यात गावाला जाऊ नये.

चिकित्सक: मुळात काचबिंदू वाढतोय हे नक्की का? ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन, त्याची तुलना ज्या नॉर्मल डोळ्यांशी होते त्यात इतके मोठे नंबर सहसा नसतात. रिपोर्टमधल्या 'नॉर्मलपेक्षा पातळ' अशा लाल रंगावर ऑपरेशन ठरवू नका.

रेखांश: नक्की. नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट पुन्हा पुन्हा केली, न दिसणारा डाग नाकाच्या बाजूने पसरतोय. डॉक्टर, टाके तोडण्याचा मुद्दा पटतो, पण त्यासाठी वारंवार तपासणी लागते. भाऊ जहाजावर नोकरी करतो.

काचबिंदूवाला डॉक्टर: हे आधी सांगायचं! मग मीही व्हॉल्व्हचा विचार करेन. काहीही केलंत तरी सुरुवातीचे काही आठवडे जहाज बंद, जड उचलणं बंद, आणि खोकला, बद्धकोष्ठ आधीच आवरा. लांब डोळ्यात पडद्यामागे रक्तस्राव होण्याचा धोका दोन्हीकडे आहे.