प्रत्येक पांढरा खडा गारगोटी नसतो

विहीर खणताना निघणारे पांढरे चकाकते खडे म्हणजे सगळी गारगोटीच, हे मत खानदेशापुरतं तरी अर्धंच खरं आहे. आपला काळा पाषाण बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत क्वार्ट्झबरोबर, म्हणजे गारगोटीबरोबर, स्टिल्बाइट नावाचं दुसरं खनिजही असतं. जळगाव जिल्ह्यातले असे नमुने परदेशी संग्राहक हौसेनं घेतात, आणि आपण ते बांधावर फेकतो! चाकूनं ओरखडा काढून बघा. गारगोटीची कठिणता (१ ते १० या मोज मापावर) ७, तिच्यावर उलट पातंच झिजून राखाडी रेघ उमटते. स्टिल्बाइट ३.५ ते ४. लगेच पांढरी भुकटी सुटते, शिवाय मोतिया चमकीचे पापुद्रे निघतात. गारगोटीला पापुद्रे नसतातच.

भुकटीवर लिंबू पिळून बुडबुडे आले, तर मात्र दोन्ही नाही, तो कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज.