गेन्शर यांनी १९८२ मध्ये मतदाराला फसवलं का?

नदीकाठ (धागाकर्ता):
पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर म्हटलं की लोकांना प्राग आठवतं. मला आधी १ ऑक्टोबर १९८२ आठवतो. १९८० च्या निवडणुकीत एफडीपीने, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या उदारमतवादी पक्षाने, चान्सलर (सरकारप्रमुख) हेल्मुट श्मिट यांच्यासोबतच सरकार चालवू असं सांगून मतं मागितली आणि १०.६ टक्के मिळवली. दोनच वर्षांत पक्षाध्यक्ष गेन्शर विरोधी गोटात गेले आणि अविश्वास ठरावाने हेल्मुट कोल चान्सलर झाले. ठराव घटनेला धरूनच होता, त्याबद्दल वाद नाही. पण घटनेत बसतं म्हणून मतदाराला दिलेला शब्द मोडायचा का? त्यांच्याच पक्षाच्या हिल्डेगार्ड हाम-ब्रूशर त्या दिवशी संसदेत उभ्या राहिल्या. जनतेचा कौल न घेता श्मिट यांना पाडणं आणि कौल न घेताच कोल यांना खुर्चीवर बसवणं, दोघांच्याही वाट्याला हे यायला नको होतं, असं त्यांनी स्वपक्षाविरुद्ध बजावलं. माझ्या लेखी त्या दिवशी पक्षाची लाज त्यांनी राखली.

उंबरठा:
असहमत. युतीचा संसार आधीच मोडला होता. अर्थमंत्री लाम्ब्सडोर्फ यांनी सप्टेंबरात सामाजिक खर्चाला कात्री लावणारं टिपण दिलं, ते श्मिट यांच्या पक्षाला पचणारं नव्हतंच. आणि शब्द फिरवला कोणी? अमेरिकी क्षेपणास्त्रांचा दुहेरी निर्णय (सोव्हिएत संघाशी बोलणी करायची, ती फसली तर क्षेपणास्त्रं आणायची) श्मिट यांनी स्वतः रेटला होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्याच्या विरोधात मत दिलं, श्मिट जवळजवळ एकटे पडले. गेन्शर मात्र जिथे होते तिथेच राहिले. कोल यांच्या आघाडीत श्ट्राउस यांच्यासारखे बवेरियाचे कडवे नेते असतानाही पूर्वेकडच्या कम्युनिस्ट देशांशी समेटाचं धोरण त्यांनी मोडू दिलं नाही.

सुलभा_ग:
परराष्ट्र धोरण वाचलं, मान्य. घरातलं काय झालं तेही बघा ना. गृहमंत्री गेरहार्ट बाउम हे नागरी हक्कांसाठी झगडणारे. त्यांचं खातं सीएसयू या बवेरियाच्या परंपरावादी पक्षाच्या त्सिमरमान यांच्याकडे गेलं. सरचिटणीस फेरहॉयगेन पक्ष सोडून श्मिट यांच्या सोशल डेमोक्रॅट्सकडे गेले, इंग्रिड माटेउस-मायरही गेल्या. उरला तो बहुतांशी व्यापारउदिमाचा पक्ष. ही किंमत एफडीपी आजही मोजते आहे असं मला मनापासून वाटतं.

चौकस:
३० सप्टेंबर १९८९ ची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. प्रागमधल्या पश्चिम जर्मन दूतावासाच्या बागेत तंबू, चिखल, पश्चिमेकडे जाऊ पाहणारी सुमारे चार हजार पूर्व जर्मन माणसं, कडेवर लेकरं. गेन्शर सज्ज्यावर आले, "तुम्हाला सांगायला आलो आहोत की आज तुमचं प्रस्थान" एवढंच बोलले आणि पुढचं वाक्य जल्लोषात बुडून गेलं. मग गाड्या पूर्व जर्मनीतूनच जाणार हे कळल्यावर लोक घाबरले. तेव्हा गेन्शर यांनी सुरक्षित प्रवासाची व्यक्तिशः हमी दिली. पूर्व जर्मनीतल्या हालेजवळच्या राइडेबुर्गचा हा माणूस १९५२ मध्ये स्वतः तिथून निघून आला होता, म्हणून त्या हमीवर लोकांचा विश्वास बसला. जुलैत हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, तरी ते आले. १९८२ मध्ये त्यांनी बाजू बदलली नसती तर त्या सज्ज्यावर ते नसते.

नदीकाठ:
प्रागचं श्रेय त्यांचंच, त्यातला एक कणही मला काढून घ्यायचा नाही. पण १९८२ मध्ये १९८९ कोणाला दिसत होतं? नंतर चांगलं झालं म्हणून आधीचं रास्त ठरवायचं, तर कुठलाही शब्द मोडता येईल.

उंबरठा:
शब्द मोडला म्हणता, पण मार्च १९८३ मध्ये सगळे मतदारांसमोर गेलेच की. एफडीपीला ७ टक्के मिळाले. लोकांनी कौल दिला, विषय संपला.

नदीकाठ:
कसा संपला? जर्मन मतदाराला दोन मतं असतात, पहिलं उमेदवाराला, दुसरं पक्षाला, आणि त्या ७ टक्क्यांत कोल समर्थकांनी एफडीपी तगावी म्हणून दिलेली दुसरी मतं बरीच होती. त्याहून महत्त्वाचं, श्मिट यांनी १७ सप्टेंबरलाच नव्या निवडणुका मागितल्या होत्या. आधी निवडणूक, मग सरकार, असा क्रम लावता आला असता. तो का लावला नाही याचं उत्तर नऊ दिवसांनी हेसे राज्याने दिलं. तिथे एफडीपीला ३.१ टक्के मिळाले आणि पक्ष विधानसभेबाहेर गेला. पक्षाला किमान ५ टक्के मतं हवीत ही अट संसदेलाही होतीच. मतदार संतापलेला असताना त्याच्याकडे जायचं टाळलं, तो थंड झाल्यावर गेले. याला तुम्ही कौल म्हणणार असाल तर आपलं जमणं कठीण आहे.