आईसाठी दुर्बीण सुचवा (चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात, पक्ष्यांचा नाद नवा आहे)

गच्चीवरची_तुळस
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आई जानेवारीत बँकेतून निवृत्त झाली. ३४ वर्षं काउंटरवर होती. पहिले तीन महिने माळे आवरण्यात गेले. मग एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेवग्याच्या वाळक्या फांदीला एक पक्षी खालच्या बाजूनं भोक पाडताना तिला दिसला. पोपटापेक्षा लहान, कपाळ आणि छातीवर लाल. तांबट. त्यानंतर पंधरा दिवस आमच्याकडे एकही पोळी धड भाजली गेली नाही.

आता बँकेची जुनी डायरी काढून तिनं खातं उघडलंय. तारीख, वेळ, तपशील, आणि शेवटी जमा-नावे असे दोन रकाने. नवीन पक्षी दिसला की जमा. जो दिसायचा बंद झाला तो नावे. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस, ताळा लागला पाहिजे."

तर तिच्या वाढदिवसाला, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुर्बीण द्यायची आहे. बजेट ८ ते १० हजार. मराठी पुस्तक असेल तर तेही सांगा. आणि कोथरूडहून तिला कुठे नेऊ? गुडघ्यांमुळे चढ नको.

वेडा_राघू
दुर्बिणीचं उत्तर ८×४२. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

वाचणार असाल तर: ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पट घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण हाताची थरथरही तितक्याच पटीनं वाढते आणि दिसणारा तुकडा बहुधा लहान होतो. नव्या माणसाचा अर्धा वेळ पक्षी दुर्बिणीत सापडवण्यातच जातो, त्यामुळे चित्र रुंद हवं. छोटी खिशातली ८×२५ सुद्धा नको. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, २५ भागिले ८ म्हणजे तीनच. सकाळी साडेसहाला झाडाखाली हा फरक चांगलाच जाणवतो.

एक विचारतो, आईंचा चष्मा जवळचा की लांबचा? खरी गोम तिथे आहे.

गच्चीवरची_तुळस
प्रोग्रेसिव्ह आहे. लांबचा नंबर आहे आणि सिलिंडरपण.

वेडा_राघू
मग चष्म्यासकटच बघावं लागणार. नुसता साधा नंबर असता तर चष्मा काढून फोकसच्या चाकानं भागलं असतं, सिलिंडर मात्र दुर्बीण भरून काढत नाही. तेव्हा खोक्यावर 'आय रिलीफ' हा आकडा बघा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. १५ मिमीच्या खाली असेल तर चष्म्याच्या काचेमुळे डोळा लांब राहतो आणि कडेचं चित्र कापलं जातं, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. या बजेटमधल्या बऱ्याच पोरो दुर्बिणी (त्या जुन्या पद्धतीच्या, मधे रुंद असलेल्या) चित्राला झकास असतात, पण आय रिलीफ १२ मिमीच्या आसपास. चष्मा नसता तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. आईंसाठी सरळ नळीची रूफ प्रिझम बघा. निकॉनच्या प्रोस्टाफ मालिकेतल्या ८×४२ ला आय रिलीफ २० मिमीच्या आसपास आहे आणि वजन सहाशे ग्रॅमच्या आत. पैसे बजेटच्या थोडे वर जातील. भावंडं असतील तर वर्गणी काढा.

डोळ्याकडची रबरी कडी चष्मेवाल्यांनी पूर्ण खाली फिरवायची असते. हे दुकानात कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठचा_शेकाट्या
वेड्या राघूशी असहमत, नेहमीप्रमाणे. आमच्या सांगलीला नदीकाठी १०×५० शिवाय मजा नाही. पलीकडच्या काठावरचं बदक आठपटीत कसलं ओळखताय?

वेडा_राघू
दादा, तुमची १०×५० किलोच्या घरात जाते. काकूंच्या मानेचा विचार करा. त्या शेवग्यावरचा तांबट बघणार आहेत.

कृष्णाकाठचा_शेकाट्या
बरं, मानेवर तडजोड. ८×४२ ला माझं मत.

माळावरची_टिटवी
तुळसताई, काहीही करा पण '२० ते ६० पट झूम' असं लिहिलेलं काही घेऊ नका. मी घेतली होती, एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून, अडीच हजारांत. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. पहिल्याच दिवशी मला एका खांबावर दोन खंड्या दिसले. जोडी आहे म्हणून मी अख्ख्या ग्रुपला ओरडून सांगितलं. सगळे वळले. खंड्या एकच होता, दुर्बीण दोन दाखवत होती. अजून चिडवतात.

घेताना दुकानाबाहेर येऊन बघायचं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी शोधा आणि तिच्यावरची अक्षरं वाचा. दोन मिनिटं बघून डोळा ओढल्यासारखा किंवा डोकं जड वाटलं तर ती ठेवून द्या, ब्रँड कुठलाही असो.

गच्चीवरची_तुळस
दोन खंड्या! आईला वाचून दाखवलं, ती म्हणे डबल एंट्री.

पावशा६१
घरी आणल्यावर पहिलं काम डायॉप्टरचं. उजव्या डोळ्याकडे बहुतेक एक बारीक फिरणारी कडी असते. उजवी नळी झाकायची, डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर लांबची पाटी स्पष्ट करायची. मग डावी झाकायची आणि मधल्या चाकाला हात न लावता ती कडी फिरवून उजवा डोळा जुळवायचा. आयुष्यात एकदा केलं की झालं. माझा नंबर दोन डोळ्यांना वेगळा, आणि मी चार वर्षं हे न करता 'या दुर्बिणीत काही दम नाही' म्हणत फिरलो.

पक्षी दुर्बिणीत न सापडण्यावरही उपाय आहे. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. लोक उलटं करतात, आधी दुर्बीण लावतात मग झाडभर शोधतात. घरच्या खिडकीतून आठवडाभर तांबटावर सराव करू द्या, मग बाहेर काढा.

पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. झाकण घट्ट असलेला डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

सोलापूरची_चंडोल
पुस्तकाबद्दल. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश घ्याच, पण तो हातात घेऊन फिरायचा ग्रंथ नव्हे, घरी टेबलावर ठेवायचा. एकेका पक्ष्याची गावोगावची नावं वाचताना दुपार कशी जाते कळत नाही. भारद्वाजच घ्या. कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी कुकुडकोंबा. तुमच्या आईंच्या माहेरचं नाव त्यात सापडलं तर त्यांचा चेहरा बघा! चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. जून २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षी पद्मश्री जाहीर झाली होती, तेवढं समाधान.

बाहेर न्यायला सचित्र मार्गदर्शिका वेगळी हवी. फोटोंपेक्षा चित्रांची बरी, कारण चित्रात नर, मादी, पिल्लू शेजारी शेजारी दाखवता येतात. सलीम अलींचं १९४१ चं पुस्तक अजून नव्या आवृत्त्यांत मिळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरे.

आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणालात म्हणून सांगते. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. हा मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ठिकठिकाणी सकाळच्या फेऱ्या असतात, बऱ्याच फुकट. पुण्यात तर नक्की सापडतील. पहिल्यांदा माहीतगार माणसाबरोबर दोन तास फिरणं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं.

माळावरची_टिटवी
मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप टाकून द्या, मोफत आहे. आवाज ऐकून नाव सुचवतं. साठीनंतर बारीक, उंच आवाज कानाला कमी येतात, तिथे याचा उपयोग होतो. माझ्या सासूबाईंना शिंजीर ऐकूच येत नाही, पण पडद्यावर नाव उजळलं की त्या बरोबर जास्वंदीकडे बघतात. फक्त आंधळा विश्वास नको. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो तेव्हा मर्लिनही फसतं आणि आपणही. पक्षी डोळ्यांनी दिसला तरच आईंच्या खात्यात जमा करा.

त्याच मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका, विशेषतः विणीच्या दिवसांत. हद्दीत दुसरा नर आलाय समजून तो घरटं सोडून भांडायला येतो.

पावशा६१
जागा. चढ नको म्हणालात म्हणजे वेताळ टेकडी आणि सिंहगडाची दरी दोन्ही कटाप. दरीत उन्हाळ्यात पाणवठ्यांपाशी स्वर्गीय नर्तक दिसतो खरा, पण तिथे हल्ली पक्ष्यांपेक्षा लेन्सा जास्त. एकदा एका गृहस्थांनी मला 'तुमच्या शर्टाचा रंग बॅकग्राउंडला येतोय' म्हणून हलायला सांगितलं.

काकूंना आधी एम्प्रेस गार्डनला न्या. सपाट वाटा, बसायला बाकं, जुनी मोठी झाडं. वड-पिंपळ फळला असेल तर त्याच्या समोरच्या बाकावर तासभर बसून राहा, फिरूच नका. तांबट, हळद्या, कोकिळा, नशीब असेल तर राखी धनेश, सगळे फळांवर येतात. गुडघेदुखीवाल्यांचं पक्षीनिरीक्षण हेच, आणि खरं सांगायचं तर तेच चांगलं पक्षीनिरीक्षण. चालत राहणारा माणूस पक्षी उडवत जातो. विद्यापीठाचा परिसरही असाच सावलीचा आहे.

पाण्याचे पक्षी बघायला कवडीपाट. सोलापूर रस्त्यानं हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, गाडी जवळजवळ काठापर्यंत जाते. डिसेंबरात ब्राह्मणी बदकं, म्हणजे आपले चक्रवाक, शिवाय शेकाटे, धोबी, चित्रबलाक. वासाची मात्र तयारी ठेवा. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी मुळामुठेतून तिथे पोचतं. रुमालाला निलगिरी लावून न्या.

गच्चीवरची_तुळस
आणि भिगवण? आईच्या मैत्रिणीनं फ्लेमिंगोचे फोटो पाठवलेत, तेव्हापासून ते डोक्यात आहे.

सोलापूरची_चंडोल
जरूर, पण आत्ता नाही. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचं, आणि नोव्हेंबरात ते तुडुंब असतं. रोहित, म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी घालून खाणारा पक्षी. पाणी उतरून काठ उघडे पडल्याशिवाय तो तिथे काय करणार? जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत जा. कुंभारगाव किंवा डिकसळला मासेमारांच्या नावा मिळतात, तीच मंडळी पक्षी दाखवतात आणि नावंही बरोबर सांगतात. गुडघ्यांचा प्रश्न नावेत चढताना येईल. आधी फोनवर सांगून ठेवा, नाव काठाला आडवी लावून हात देतात. आणि मधे पाणी पिऊन घ्या म्हणणार होते, पण नावेत दोन तास सोय नसते, तेव्हा बेतानंच.

थव्याच्या अगदी जवळ न्या म्हणून नावाड्याच्या मागे लागू नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्या पक्ष्यांचं खाणं सुटतं.

परत येताना चिलापीचं कालवण आणि भाकरी. शाकाहारी असाल तर माझी सहानुभूती.

कृष्णाकाठचा_शेकाट्या
चिलापी वाचून भूक लागली. धाग्याला +१.

गच्चीवरची_तुळस
सगळ्यांचे आभार. प्रोस्टाफच घेतली, दादानं निम्मे दिले. वाढदिवसापर्यंत थांबवलं नाही, कालच दिली. टिटवीताई, टाकीवरची अक्षरं वाचली. दुकानदार बघत राहिला. डायॉप्टरचं पावशाकाकांच्या सांगण्याप्रमाणे केलं. आईनं तीनदा केलं, ताळा लागेपर्यंत.

आज सकाळची नोंद जशीच्या तशी देते: "६.५०. शेजारच्या गच्चीत टाकीच्या गळतीचं पाणी साचते तिथे १ नग. चिमणीपेक्षा थोडा लांबट, शेपूट बरीच लांब, एकसारखी खालीवर. पाठ राखाडी. पोट पिवळट. यापूर्वी नाही. तात्पुरते जमा, नाव प्रलंबित."

पावशा६१
करडा धोबी वाटतोय. थंडीचा पाहुणा, येऊन महिना-दीड महिना झाला असेल, काकूंना आज भेटला. पायांचा रंग बघायला सांगा. फिकट गुलाबी असतील तर करडाच. काळे असतील तर पिवळा धोबी, पण त्याची पाठ इतकी राखाडी नसते.

गच्चीवरची_तुळस
पाय बघितले नाहीत म्हणते. उद्या सहा चाळीसला खुर्ची टाकून बसणार आहे. पोळ्या मी करायच्या आहेत.