नव्या टँकमध्ये आलेल्या क्लाऊन लोचना तीन दिवस उपाशी ठेवणं मला पटत नाही

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात ओळखीच्या एका काकांनी मासे पाळणं थांबवलं आणि त्यांचे सहा क्लाऊन लोच माझ्याकडे आले. वीत-वीत लांब, केशरी अंगावर तीन काळे पट्टे. माझी टँक सहा फुटी, फिल्टर दोन महिने चालू असलेला. ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच: नवीन मासे आले की तीन दिवस खायला घालायचं नाही. मी पहिल्याच रात्री घातलं, आणि तेच बरोबर होतं असं माझं मत आहे.

हे मासे मूळचे सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधले. दुकानात येणारी बरीचशी पिल्लं अजूनही नदीतून पकडलेली असतात. पकडणारा, निर्यातदार, इथला घाऊक व्यापारी, प्रत्येकजण पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून पाठवण्याआधी त्यांचं खाणं बंद करतो. आपल्याकडे पोचेपर्यंत पिल्लाचे खूप उपास झालेले असतात. वरून बघा, डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी झालेली दिसते. त्याला आणखी तीन दिवस उपाशी ठेवायचं?

माझे मासे धष्टपुष्ट होते, तरी मी घातलं. रात्री दहाला दिवा बंद केला आणि बाराला तळाशी बसणाऱ्या सहा गोळ्या आणि वितळवलेल्या ब्लडवर्मचा (माशांना घालायच्या गोठवलेल्या लाल अळ्यांचा) एक छोटा तुकडा टाकला. साडेबाराला अंधारातून टक-टक आवाज यायला लागला. लोच खाताना असा आवाज करतात. तो ऐकला आणि जिवात जीव आला.

टेस्टकिट:
तुमचं नशीब चांगलं, एवढंच म्हणेन. मी हेच केलं आणि तीन मासे गमावले. घाबरलेला लोच लपायच्या पाइपमधून बाहेर येत नाही. गोळ्या ढोलीमागे जाऊन पडल्या, सकाळी पाणी दुधाळ झालेलं. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू तोवर तयार झालेच नव्हते. अमोनिया वाढला, आठवड्याभरात अंगावर पांढरे ठिपके आले. या माशांचे खवले इतके बारीक असतात की औषधाचा पूर्ण डोस त्यांना सोसत नाही, हे मला उशिरा कळलं. वीतभर लोच तीन दिवसांच्या उपासाने मरत नाही, अमोनियाने मरतो. नवशिक्याला ‘पहिल्याच रात्री घाला’ सांगणं मला धोक्याचं वाटतं.

वर्षा_पाणवठा:
दोघंही खाण्यावरच अडलात. मासे आणले कसे? लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्ल होतं आणि अमोनियाचं विष दबून राहतं. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून अशी पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवी टँकवर तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडल्यावर लगेच मासे हलवा आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

जाळं वापरू नका. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो उभा करतो आणि जाळ्यात अडकतो. मी झाकणाचा मोठा डबा वापरते. आणि प्रत्येकाला पुरेल एवढी लपायची जागा द्या. चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात, कडा मात्र घासून घ्या. लपायला जागा मिळाली की लोच लवकर बाहेर येतो, असा माझा अनुभव आहे.

डोह:
मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने. आपल्या कृष्णा खोऱ्यातला पट्ट्यांचा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आहे, तरी दुकानात दिसतो. तोही असाच खपाटीला गेलेला असतो. आणलाच असेल तर निदान उपाशी तरी ठेवू नका.

कृष्णाकाठ:
@टेस्टकिट, तुमच्या माशांचं वाचून वाईट वाटलं. एक मान्य करतो: फिल्टर तयार नसेल तर माझा सल्ला लागू नाही. पण मग तशा टँकमध्ये लोच आणायचेच नाहीत. तीन दिवस उपाशी ठेवून फिल्टर तयार होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. गोळ्या मी काचेच्या बशीत टाकल्या होत्या. पहाटे बशी उचलली, दोन उरल्या होत्या त्या काढून टाकल्या. आठ दिवस रोज सकाळी अमोनिया तपासला, शून्य होता.

@वर्षा_पाणवठा, पाइपचं शंभर टक्के खरं. सहाच्या सहा जण एकाच पाइपमध्ये घुसून बसले होते, बाकीचे पाच रिकामे.

टेस्टकिट:
बशीची युक्ती आवडली. तरीही दुकानातून आलेल्या पिल्लांना मी पहिली रात्र काही घालणार नाही, दुसऱ्या रात्री बशीत थोडे ब्लडवर्म. तीन दिवसांवरून एकावर आलो, त्याच्या खाली येणार नाही. काकांकडचे मासे काकडी खातात का? माझे उकळत्या पाण्यातून काढलेल्या चकत्या काट्याच्या चमच्याला टोचून ठेवल्या तरी हुंगत नाहीत.

कृष्णाकाठ:
काकडीला दोन आठवडे तोंड लावलं नाही. बागेतलं गांडूळ, ज्या मातीत फवारणी नाही तिथलं, धुऊन टाकलं तर दिवसाउजेडीही बाहेर येतात.