मदत हवी आहे: सशाचं अगदी लहान पिल्लू, सकाळपासून खात नाहीये

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. परवा लेकीसाठी सशाचं पिल्लू आणलं, दुकानदार म्हणाला २ महिन्यांचं आहे पण मला तर महिन्याचंच वाटतंय, माझ्या तळहातावर मावतं हो! दूध-पाव आणि कोबी द्या असं त्याने सांगितलेलं, नशीब मी आधी मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली गाईचं दूध अजिबात नको, कोबीने गॅस होतो, आणि ८ आठवडे होईपर्यंत आईपासून तोडायलाच नको होतं. तेव्हापासून जीवाला घोर लागलाय.

सध्या मोठ्या खोक्यात जुना टॉवेल घातलाय, पसरट वाटीत पाणी आहे, आणि चारावाल्याकडून रजको, म्हणजे आपला लसूणघास, आणून सुकवून देतेय. काल रात्री दोन-तीन काड्या खाल्ल्या, इवलंसं नाक सारखं हलत होतं, इतकं बरं वाटलं. पण आज सकाळपासून तोंडच लावलं नाही, लेंड्या मऊ पडतायत आणि मागे चिकटल्यात. आंघोळ नाही घातली, ओल्या कापसाने पुसलं फक्त.

बडोद्यात सशाची खरोखर माहिती असलेले डॉक्टर कुणाला माहीत आहेत का, आत्ता संध्याकाळी बघतील असे? ससा १२ तास उपाशी राहिला तर पोट बंद पडतं म्हणे, म्हणून उद्यापर्यंत थांबायची हिंमत नाही. मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर सिरिंजने दिली तर चालेल का, की तेही नको? प्लीज लवकर सांगा.