एकाच दिव्याचा रोध ०.७ ओहम की ६.८६? भाचीच्या प्रश्नाला उत्तर हवंय

जोडतार
भाचीला ओहमचा नियम (दाब, म्हणजे व्होल्टेज, भागिले प्रवाह हा रोध, आणि तो कायम) वहीत उतरवून घेण्याआधी हाताने मोजून कळावा, म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा जुन्या पद्धतीचा दिवा घेतला. बुडावर १२ व्होल्ट, २१ वॅट असं लिहिलंय. दिवा सुटा असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजला तर ०.७ ओहम. दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १४४ भागिले ०.७, उत्तर सुमारे २०६ वॅट! मग दिवा लावला. त्याच्या टोकांवर १२.० व्होल्ट, प्रवाह १.७५ अँपिअर. गुणाकार नेमका २१ वॅट, पण भागाकार ६.८६ ओहम. भाची विचारते, "मामा, नियम चुकला की मीटर?" माहितीतल्या रोधकावर मीटर तपासलाय, तो ठीक आहे. तिला काय सांगू?

तांब्याची_तार
आधी दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवून आकडा बघा. ०.२ वगैरे येईल, तो लीडचाच, म्हणजे मीटरच्या तारांचाच रोध. तेवढा वजा करा. एक ओहमच्या खालच्या मापात हे सोडून चालत नाही.

जोडतार
केलं. ०.२ आला. म्हणजे दिव्याचा ०.५. फरक आणखीच वाढला की!

प्रयोगवही
वाढणारच, आणि दोन्ही आकडे खरे आहेत. मी प्रयोगशाळेत मुलांकडून हे प्रयोग करून घेते, आणि हा दिवा माझा सगळ्यात आवडता आहे, कारण तो सूत्राच्या मागची अट उघडी करतो.

ओहमवर ठेवलेला मीटर वस्तूतून अगदी थोडा प्रवाह सोडून रोध काढतो. तेवढ्याने फिलामेंट, म्हणजे दिव्यातली टंगस्टनची तार, तापत नाही, म्हणून तुम्ही मोजलात तो थंड टंगस्टनचा रोध. दिवा पेटल्यावर तीच तार दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. टंगस्टनचा तर इतक्या फरकात दहापटीहून जास्त. ०.५ चे ६.८६ झाले ते यामुळे.

नियमातलं "तापमान कायम असताना" हे शब्द मुलं घोकतात आणि लगेच विसरतात. गेऑर्ग ओहमने मात्र प्रयोग करताना स्थिरपणाची फार काळजी घेतली होती. त्या वेळच्या बॅटऱ्यांचा जोर वापरता वापरता उतरायचा, म्हणून त्याने दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणारा तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. अशा स्थिर दाबावर घेतलेल्या मापांतून नियम निघाला. सविस्तर पुस्तक आलं १८२७ मध्ये.

तेव्हा भाचीला सांगा: दाब भागिले प्रवाह हा त्या क्षणी, त्या तापमानाला असलेला रोध. शक्ती हवी असेल तर दाब आणि प्रवाह एकाच वेळी, दिवा चालू असताना मोजा आणि गुणा. थंड रोध दाबाच्या वर्गाखाली घातला की २०६ सारखं उत्तर येतं. तसं ते अगदीच निरर्थक नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी फिलामेंट थंडच असतो, म्हणून प्रवाहाचा मोठा झटका बसतो. जुने दिवे बऱ्याचदा लावतानाच जातात त्याचं हे एक कारण.

आता दाब कमी करून तिलाच पुढचे आकडे घेऊ द्या.

जोडतार
३ व्होल्टला ०.८२ अँपिअर, ६ ला १.२०. तिने स्वतः काढलं: ३.६६ ओहम आणि ५ ओहम. शक्ती अंदाजे २.५ वॅट आणि ७.२ वॅट. ती म्हणते, दाब निम्मा केला तर शक्ती पाव व्हायला हवी होती, म्हणजे ५.२५.

प्रयोगवही
शाबास तिची! पाव होते ती रोध न बदलणाऱ्या वस्तूत. इथे दाब उतरला तशी तार थंड झाली, रोध घटला, म्हणून प्रवाह निम्म्यापेक्षा जास्त राहिला. आलेख काढायला सांगा, आडव्या अक्षावर दाब, उभ्यावर प्रवाह. दिव्याची रेघ वाकेल. शेजारी १० ओहम, १० वॅटच्या रोधकाची काढा: ३ व्होल्टला ०.३, ६ ला ०.६, ९ ला ०.९. जवळपास सरळ. त्याला १२ व्होल्ट मात्र देऊ नका. १४४ भागिले १० म्हणजे १४.४ वॅट, त्याच्या कुवतीबाहेर. ९ वरही तो ८.१ वॅट उष्णता सोडतो, हात लावू नये.

तांब्याची_तार
एलईडीवर हे करू नका, तिथे रोध हा एक ठरावीक आकडा धरताच येत नाही. आणि एसीवरच्या पंख्याला किंवा मोटरला नुसता गुणाकार करून वॅट म्हणू नका, तो व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी खरी शक्ती किती, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणल्यावर वॅट.

जोडतार
रोधक मिळालाय, लगेच घेतो आकडे. प्रवाहासाठी लीड १० अँपिअरच्या भोकात आहे, तीच ठेवून व्होल्टेज बघितलं तर चालेल?

प्रयोगवही
अजिबात नाही! त्या भोकात मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. तसाच बॅटरीच्या दोन टोकांना लावलात तर थेट शॉर्ट. प्रवाहासाठी मीटर एकसरीत, दाबासाठी समांतर, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना प्रत्येक वेळी आधी लाल लीड बदलायची. भाचीलाच ते काम द्या, तुम्ही फक्त बघा.