दहा महिन्यांच्या बाळाची ऑटिझमच्या दृष्टीने व्हिडिओ कॉलवरून पाहणी करणे कितपत उपयोगाचे?

चिमणपाखरे:
माझ्या थोरल्या मुलाला ऑटिझम असल्याचे निदान तिसऱ्या वर्षी झाले. धाकटी मुलगी आता दहा महिन्यांची आहे. पालथे पडणे, बसणे, रांगणे हे सारे ती वेळेवर करू लागली. परंतु हाक मारली तर क्वचितच वळून बघते आणि हातात खेळणे आले की त्याचे चाक फिरवण्यात बराच वेळ गुंगून जाते. तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष भेटीसाठी काही महिने थांबावे लागणार आहे. तोपर्यंत व्हिडिओ कॉलवर प्राथमिक पाहणी करून घ्यावी, असे त्यांच्या केंद्रातून सुचवण्यात आले. एवढ्या तान्ह्या बाळाबद्दल पडद्यावरून काही सांगता येते का, आणि त्या वेळी आम्ही घरी काय तयारी ठेवावी? घरातील वडीलधारी मंडळी ‘उगाच काळजी करतेस’ असे म्हणतात. थोरल्याच्या वेळीही हेच ऐकले होते, त्यामुळे आता वाट बघत बसण्याची माझी तयारी नाही.

रानजाई:
मी लहान मुलांच्या विकासाशी संबंधित तपासण्या करणारी डॉक्टर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दहाव्या महिन्यात ऑटिझमचे निदान प्रत्यक्ष भेटीतही सहसा केले जात नाही. सर्वत्र वापरली जाणारी एम-चॅट ही 20 प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे व्हिडिओ कॉलकडून निदानाची अपेक्षा ठेवू नका. बाळाच्या वागण्यातील कोणत्या गोष्टी अद्याप उमललेल्या नाहीत याची नोंद व्हावी, काही आठवड्यांनी त्या पुन्हा पाहिल्या जाव्यात आणि मदत कधी सुरू करायची ते ठरावे, एवढ्यासाठी तो अतिशय उपयोगी आहे. तुमच्या घरी तर तो करायलाच हवा, कारण थोरल्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्या मुलाला तो असण्याची शक्यता साधारणपणे पाचात एक इतकी असते.

घरातील चित्रीकरणातून खुणा ओळखता येतात, हे टेलिहेल्थच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून होणाऱ्या तपासणीच्या, पुष्कळ आधी दिसून आले होते. ऑस्टरलिंग आणि डॉसन या संशोधिकांनी 1994 मध्ये मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या चित्रफिती तपासल्या. पुढे ऑटिझमचे निदान झालेली 11 मुले इतर 11 मुलांच्या तुलनेत लोकांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती, बोटाने दाखवणे, हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवणे आणि हाकेला वळणे हेही त्यांच्यात कमी आढळले. अलीकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील माइंड संस्थेने 6 ते 12 महिन्यांच्या बाळांसाठी व्हिडिओ कॉलवरून पाहणीची पद्धत तयार केली आहे. तीत पालकच बाळाशी खेळतात आणि तज्ज्ञ समोरून मार्गदर्शन करत निरीक्षण करतात.

आता तयारी. बाळाचे पोट भरलेले आणि झोप झालेली असावी. फोन हातात धरू नका. तो जमिनीलगत टेकवून ठेवा, म्हणजे कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल आणि तिचा व तुमचा चेहरा एकाच वेळी दिसेल. पडदा तिला दिसणार नाही असे बघा, नाहीतर ती फोनकडेच झेपावेल. हाकेची पाहणी करताना तिला एखाद्या साध्या खेळण्यात रमू द्या, तिच्या मागे थोड्या बाजूला बसा आणि नेहमीच्या आवाजात फक्त तिचे नाव घ्या. टाळी, चुटकी, खुळखुळा, खांद्याला स्पर्श यांपैकी काहीही नको. काही क्षण थांबून पुन्हा नाव घ्या. ती वळली तर तुमच्या चेहऱ्याकडे पाहते की केवळ आवाजाच्या दिशेने मान फिरवते, हा फरक तज्ज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. त्याखेरीज हसण्याला हसून दिलेला प्रतिसाद, ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड, उचलून घेण्यासाठी वर केलेले हात आणि लपाछपीच्या खेळात पुढे काय होणार याची उत्सुकता, हेही पाहिले जाईल. एकट्या चाक फिरवण्यावरून काहीच ठरत नाही, पुष्कळ बाळे तसे करतात.

कॉलवर होऊ न शकणाऱ्या गोष्टीही आहेत. स्नायूंचा ताण, डोक्याचा घेर आणि श्रवण यांसाठी प्रत्यक्षच जावे लागते. जन्मानंतरची श्रवणचाचणी व्यवस्थित आली असली तरी ती पुन्हा करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचल्यानेही बाळ हाकेला वळेनासे होते, आणि या चाचणीसाठी विकासतज्ज्ञांच्या भेटीची वाट बघण्याची गरज नाही.

सांजवात:
आमच्या मुलाची पहिली पाहणी अशीच झाली. एक गोष्ट आवर्जून सुचवतो. कॉलमध्ये आवाज मागे-पुढे होतो, चित्र अडकते, आणि बाळाने पटकन दिलेला प्रतिसाद समोरच्याला उशिरा दिलेला वाटू शकतो. म्हणून जेवण, अंघोळ, खेळ अशा वेळांचे छोटे व्हिडिओ आधीच काढून केंद्राकडे पाठवा. बाळ खुलून हसलेले तेवढेच क्षण निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. व्हिडिओ कोण पाहणार आणि किती काळ जपून ठेवणार, हेही आधी विचारून घ्या.

पाऊलखुणा:
मुलाचा व्हिडिओ पाहून ऑटिझम आहे की नाही हे सांगणारी ॲप असल्याचे वाचले होते. प्रत्यक्ष भेटीआधी तशा ॲपचा आधार घ्यावा का?

रानजाई:
या वयात घेऊ नये. ड्यूक विद्यापीठाच्या ज्या ॲपचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, ते 17 ते 36 महिन्यांच्या मुलांवर तपासलेले होते, आणि तेही डॉक्टरांच्या निर्णयाला साहाय्य म्हणून.

चिमणपाखरे:
मनःपूर्वक आभार. कॉलची वेळ आज निश्चित केली. काही खुणा आढळल्या, पण निदान करता आले नाही, तर मधल्या काळात काही करता येते का, की केवळ लक्ष ठेवायचे?

रानजाई:
करता येते. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या खुणा दिसणाऱ्या 103 बाळांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पालक आणि बाळ यांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांसोबतच पाहायचे आणि बाळ कोणत्या खुणेने संवाद साधू बघते ते ओळखायला शिकायचे, अशी ती पद्धत होती. तिसऱ्या वर्षी ही मदत मिळालेल्या गटातील 6.7 टक्के मुलांना ऑटिझमचे निदान झाले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 20.5 टक्के होते. अभ्यास लहान आहे आणि दोन्ही गटांतील मुलांना विकासाच्या काही अडचणी राहिल्याच, तरीही निदानाआधी मदत सुरू करावी असे मला त्यावरून ठामपणे वाटते. ही मदत कोणाकडून मिळेल, हे त्याच कॉलमध्ये विचारा.

आणखी एक. बाळाची मान एकाएकी खाली जाणे किंवा हातपाय आखडणे असे झटके एकामागून एक येत असतील, विशेषतः झोपेतून उठल्यावर, तर ते फोनवर टिपून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ते आकडीचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, तातडीने करावा लागतो. आधी येत असलेली बडबड किंवा हसणे थांबले, तर केंद्राला लगेच कळवून भेट अलीकडे ओढून घ्या.